‘आनंद होत नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?’

पत्र

मावशी, जय ख्रिस्त. माझं वय ४२. मागच्या वर्षी पावसाळ्यात मिस्टरांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एमआयडीसीत कामाला होते, ते सुटलं. मुलगा बारावीला. मी सकाळी डबे करून देते, बाकी सगळा वेळ ह्यांचंच. चर्चच्या मंडळीतले लोक चांगले आहेत, येतात, प्रार्थना करतात, पण जाताना प्रत्येक जण तेच सांगतं, सर्वदा आनंद करा, प्रभू परीक्षा घेतोय, तोंड पाडून बसू नकोस. चर्चमधली एक बहीण तर म्हणाली की तू आनंदाने स्तुती करत नाहीस म्हणून ह्यांची चंगाई, म्हणजे बरं होणं, अडलीये. मी चर्चमध्ये १६ वर्षं पेटी वाजवायचे, आठ महिने झाले हात लावला नाही, गाणी खोटी वाटतात. एकदा रात्री लाइट गेलेली, मी ह्यांचे पाय चेपत उगाच गुणगुणत होते तर ह्यांनी पुढची ओळ म्हटली, शब्दासकट, पण नंतर पाणी हवं होतं तर तेही सांगता आलं नाही, असो. मला एवढंच विचारायचंय, मला आनंद होत नाही, मग माझा विश्वास खोटा आहे का?
– पेटीवाली

उत्तर

अगं पेटीवाली, जय ख्रिस्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला. आधी एक गोष्ट निकालात काढू, कारण ती डोक्यात राहिली तर पुढचं काही तुला ऐकूच येणार नाही. तुझ्या तोंडावर हसू नाही म्हणून तुझ्या नवऱ्याची चंगाई अडलेली नाही. ज्या बाईने हे सांगितलं तिच्या मनात वाईट नसेल, पण बोलली ते चूक, आणि शास्त्राच्याही विरुद्ध. बायबलमध्ये योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो तेव्हा शिष्य येशूला हेच विचारतात ना, की पाप कुणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. लूकच्या १३व्यात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली त्याची गोष्ट आहे, तिथेही तो स्पष्ट सांगतो की ती माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी नव्हती. आणि प्रेषित पौल? शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. आता पौलाची स्तुती कमी पडली असं तुझ्या त्या बहिणीला म्हणायचंय का? पुढच्या वेळी आली की तिला चहा दे आणि हे तीन संदर्भ दे, भांडण करू नकोस.

अजून एक, लगेच सांगते कारण ह्यात पैसे जातात. ‘विश्वासाचं बी पेरा’ म्हणून कुणी चंगाई सभेवाला पैसे मागायला लागला तर एक रुपया देऊ नकोस, आणि विश्वास दाखवायचा म्हणून बीपीची गोळी बंद करायला सांगितली तर त्याला दारातूनच सलाम कर. प्रार्थना कर, भरपूर कर, तेल लावून करायची तर तसंही कर, पण गोळी चालूच ठेव.

आता तुझा खरा प्रश्न.

मी बरेच दिवस ह्या एका वाक्यावर अडलेली बाई आहे. याकोबाच्या पत्राच्या सुरुवातीलाच येतं की नाना तऱ्हेच्या परीक्षा समोर आल्या की आनंद माना. तरुणपणी मला ह्या वाक्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. माझं पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं आणि तेव्हा एक म्हातारे गृहस्थ घरी येऊन हेच वाक्य वाचून गेले आणि वर म्हणाले की देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं. मी पडद्याआड होते. मला वाटलं बाहेर जाऊन विचारावं, त्याच्या बागेत फुलं कमी पडली होती का? नाही विचारलं. २२ वर्षांची होते, अंगात दूध येत होतं आणि प्यायला कोणी नव्हतं.

पण नंतर कितीतरी वर्षांनी एकदा मुलांना संडे स्कूलमध्ये हाच भाग शिकवत होते आणि एका पोरीने विचारलं, टीचर, आनंद ‘होतो’ ना, मग ‘माना’ का लिहिलंय? मी तिथेच थांबले. आपल्या मराठीत हा फरक किती साफ आहे बघ. आनंद होतो तो आपोआप होतो, पाऊस पडल्यासारखा, त्याच्यावर आपला जोर नाही, नाही झाला तर नाही झाला. आणि मानणं हे वेगळं काम आहे, ते डोक्याचं आणि हिशेबाचं काम आहे, आपण एखाद्याला भाऊ मानतो, ऋण मानतो, उपकार मानतो तसं. मग आमच्या चर्चच्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले की मूळ ग्रीकमधलं क्रियापदही तसंच आहे, गणणे, समजणे, ह्या अर्थाचं. म्हणजे याकोब तुला ‘आतून उकळ्या फुटू देत’ असं सांगतच नाहीये. तो सांगतोय की वही उघड आणि ह्या सगळ्याला कोणत्या खात्यावर लिहायचं ते ठरव. पुढची ओळ वाच, त्याने कारणही दिलंय, ह्यातून धीर तयार होतो आणि त्या धीराला त्याचं काम पूर्ण करू द्या. काम पूर्ण करू द्या म्हणजे वेळ लागणार हे त्यालाही माहीत आहे! झटका येऊन दीड वर्षही नाही झालं, तुझं काम आत्ता कुठे अर्ध्यावर आहे आणि लोक रिझल्ट मागतायत.

इथे एक धोका आहे तो पण सांगते. ‘मानून घे’ म्हटलं की आपल्या बायकांना लगेच दुसरंच ऐकू येतं, समाधान मानून घे, पदरी पडलं ते गोड मानून घे, आजी सांगायची तसं. ते नव्हे. याकोब झालेल्या वाईटाला चांगलं म्हण असं सांगत नाही. पॅरालिसिस वाईटच आहे, त्याला आशीर्वाद म्हणायची तुझ्यावर सक्ती नाही, आणि मी तर म्हणेन की तसं म्हणूच नकोस.

आता तो ‘सर्वदा आनंद करा’. तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण जे वचन टाकून जातो ते फिलिप्पैकरांच्या पत्रातलं, आणि ते पौलाने बेड्या घालून कैदेत असताना लिहिलंय हे बहुतेकांना माहीत असतं, प्रवचनात सांगतात पण. पण त्याच पत्राचा २रा अध्याय कोणी वाचून दाखवत नाही. तिथे एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरायला टेकला होता आणि देवाच्या दयेने वाचला असं सांगून पौल म्हणतो की तसं झालं नसतं तर मला दुःखावर दुःख झालं असतं. दुःखावर दुःख! ज्या माणसाने सर्वदा आनंद करा लिहिलं त्याच माणसाने, त्याच पत्रात. म्हणजे एकाच माणसाच्या पोटात दोन्ही राहू शकतं, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आणि ४थ्या अध्यायात तो त्यांचे आभार कशाबद्दल मानतो? नुसत्या प्रार्थनेबद्दल नाही गं, त्यांनी मदत पाठवली होती, माझ्या संकटात वाटेकरी झालात म्हणतो. म्हणजे आनंद करा म्हणण्याआधी काय करायचं असतं ते पण तिथेच लिहिलंय, ह्याबद्दल खाली बोलते.

स्तोत्रं तर तू पेटीवर वाजवलीयेस. १५० स्तोत्रांतली जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीची आणि रडण्याची आहेत. १३वं काढ, पहिल्या दोन ओळींत चार वेळा ‘कोठवर’ येतं. ८८वं काढ, ते तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी कापलं नाही. मग गाणी खोटी वाटतात म्हणतेस तर मला वाटतं तू फक्त एकाच जातीची गाणी म्हणत होतीस, चर्चमध्ये आपण तेवढीच लावतो, दुसऱ्या जातीची शिकवलीच नाहीत कुणाला. देवाकडे तोंड करून रडणं हा विश्वासच आहे, ज्याचा विश्वास संपला तो तक्रार करायलाही जात नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि पाच मिनिटांनी त्याला जिवंत उठवणार हे माहीत असून रडला. त्याला कुणी सांगितलं नाही की तोंड पाडू नकोस.

मंडळीत उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंचं नाव निघतंच, तुझ्याकडेही निघालं असेल. मला त्यांचा फार अभिमान आहे, पण व्यासपीठावरून सांगताना आपण त्यांना दगडाची मूर्ती करून टाकतो. जरा वर्षं मोज. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे ऐकायला कमी यायला लागलं आणि इंग्लंडला डॉक्टरकी शिकायची होती ते त्यामुळे राहिलं. म्हणजे २४ वर्षांच्या आत ही बाई जवळजवळ एकटी झाली. तिने काय केलं, हसत बसली? नाही. तिच्यासारख्याच बायका गोळा केल्या, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, मग दुष्काळातल्या पोरींना केडगावला आणलं, शेती, विणकाम, छापखाना, सगळं पोरींच्या हातात. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, ४० वर्षांची. आणि रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करतच राहिल्या, पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या तोपर्यंत. मला त्यात जे दिसतं ते स्मितहास्य नाही, मला दिसतं की बाई सकाळी उठली आणि हातातलं काम पुढे नेलं. लक्ष्मीबाई टिळकांचं पण तसंच, १८९५ मध्ये त्यांच्या नवऱ्याने, कवी नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं, पाच वर्षं गेली त्यात, आणि ते सगळं त्यांनी नंतर लिहिलं तेव्हा लपवलं नाही, रडल्या ते रडल्या म्हणून लिहिलं आणि हसू आलं तिथे हसल्या. आपल्या मंडळीची ही खरी परंपरा आहे, ते व्हॉट्सअॅपवरचं गुलाबाच्या फोटोवर वचन टाकणं नव्हे.

आणि दुःखाने माणूस आपोआप मोठा होतो असं पण मी तुला सांगणार नाही. मी कडू झालेली माणसं पाहिलीयेत, चर्चमध्येच पाहिलीयेत, मी स्वतः तीन वर्षं कडू होते. आत्मिक वाढ झाली की नाही हे आपलं आपल्याला बहुतेक वेळा दिसत नाही, उंची वाढताना पोराला कुठे कळतं, पँट आखूड झाली की आईला कळतं. रोमकरांच्या ५व्यात पौल साखळी सांगतो ना, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, त्यात मधला जो शब्द आहे त्याचा अर्थ पारखून निघालेला, तावून सुलाखून, असा. सोनं पारखतात ते दुसरं कोणी पारखतं, सोनं स्वतः आरशात बघत नाही. म्हणून तू रोज रात्री ‘आज माझी वाढ झाली का’ असं तपासत बसू नकोस, जेवण कर आणि झोप.

माझे वडील पाळक होते, छोट्या गावात. आई गेल्यावर सव्वा वर्ष त्यांना गाणं म्हणता येईना. प्रवचन करायचे, प्रभुभोजन द्यायचे, पण गाणं सुरू झालं की तोंड मिटायचं. मंडळीत कुजबुज झाली की पाळकच गात नाही. तेव्हा एक म्हातारी होती, मजुरी करायची, दात नव्हते, आवाज म्हणशील तर फुटक्या मडक्यासारखा, ती एका रविवारी उठून पहिल्या बाकावर येऊन बसली आणि वडिलांना म्हणाली, पास्टरसाहेब, तुमच्या वाटचं मी म्हणते. आणि दर रविवारी बेसूर, मोठ्यांदा, दुप्पट म्हणायची. वडील नंतर सांगायचे की त्या सव्वा वर्षात माझा विश्वास माझ्याकडे नव्हताच, तो तिच्याकडे ठेवायला दिला होता.

तर तुला मंडळीकडून हे मागायचंय. आनंदाचे उपदेश नकोत, वाटेकरी हवेत. आणि मागायला लाजू नकोस, कारण लोकांना खरंच काय करावं कळत नाही म्हणून ते वचन सांगून सुटतात. येणाऱ्या प्रत्येकाला काम दे. एकाला म्हण मंगळवारी दोन तास ह्यांच्यापाशी बसा, मी झोपते. एकाला म्हण पोराला अकाउंट्स शिकवा (कॉमर्सला असेल तर, तू लिहिलं नाहीस). महिला मंडळाला म्हण महिन्यातून एकदा फिजिओला न्यायला रिक्षा तुमची. ज्यांना जमणार नाही ते आपोआप कमी येतील, तेही बरंच.

कागदपत्रांचं पटकन सांगते. कंपनीत ईएसआय (कामगार विमा) कापत होते का ते पगाराच्या स्लिपवर बघ, कापत असतील तर लांबच्या आजारपणाचा भत्ता असतो, तो मिळाला का विचार, वेळ गेली असेल तरी विचार. सरकारी हॉस्पिटलातून दिव्यांग प्रमाणपत्र काढ, ४० टक्के आणि वर असेल तर पुढच्या बऱ्याच योजना त्यावर चालतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. ह्यात प्रार्थनेला पर्याय वगैरे काही नाही, रमाबाईंनी पण देणगीच्या पावत्या ठेवल्या असतीलच ना.

आणि तू. आठ महिने गाणं नाही, हे नुसतं आत्मिक नसू शकतं हं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सगळं संपवावं असं मनात येतं, असं होत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारची सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात. डिप्रेशनची गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही, बीपीच्या गोळीसारखीच ती.

आता तुझ्या त्या ‘असो’कडे येते.

लाइट गेली, तू गुणगुणत होतीस, आणि ज्या माणसाला पाणी मागता येत नाही त्याने पुढची ओळ शब्दासकट म्हटली. हे तू अख्ख्या पत्रात दीड ओळीत उरकलंस आणि पुढे असो लिहून पळालीस. अगं बाई! मी तिथेच थांबले. माझ्या भाचीला विचारलं, ती स्पीच थेरपीचं काम करते. ती म्हणाली, उजवी बाजू आणि बोलणं एकदम गेलं म्हणजे बहुतेक मेंदूच्या डाव्या भागाला मार आहे, शब्द जुळवायचं काम बहुतेकांचं तिथून चालतं. पण पाठ असलेलं गाणं, प्रभूची प्रार्थना, एक ते दहा आकडे, वारांची नावं, हे पुष्कळदा शाबूत राहिलेलं असतं, गाण्याला मेंदूचा उजवा भाग हात देतो. म्हणून अशा पेशंटांना छोटी वाक्यं सुरात म्हणायला लावतात, चांगल्या डाव्या हाताने ठेका धरून, ‘पा-णी दे’ असं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, किती येईल तेही कुणी सांगू शकत नाही, आणि शिकवायला स्पीच थेरपिस्टच लागतो, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात विचार. आणि ती म्हणाली की बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं समजू नका, कळतं बरंच, त्यामुळे त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलू नका.

मी मघाशी वही म्हणाले ना, मानायची. ही त्यातली पहिली नोंद. त्या रात्री तुला आनंद झाला नसेल, पाण्याचं झालं तेव्हा उलट रडूच आलं असेल, मला पटतं. पण झालं ते झालं, ते मोज. चमत्कार म्हणून मोजू नकोस आणि रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष तर मुळीच देऊ नकोस, लोक लगेच टाळ्या वाजवून ह्यांना माइकसमोर उभं करतील आणि ओळ आली नाही तर पुन्हा तुझीच स्तुती कमी पडली म्हणतील.

चर्चची पेटी राहू दे सध्या. तुला रविवारी जायचं तर जा, मागच्या बाकावर बस, गाऊ नकोस, कुणीतरी तुझ्या वाटचं म्हणेल. पण घरी पेटी असेल, नसेल तर चर्चची आठवडाभर मागून आण, तिच्यावर दुसरं कोणी ऐकत नसताना ह्यांच्यासाठी एक गाणं रोज. ह्यांचा डावा हात तुझ्या गुडघ्यावर ठेव, ठेका त्यांना धरू दे. जिथे ते अडतील तिथे तू पुढे ओढू नकोस, सूर धरून थांब. कधी ओळ येईल, कधी नाही येणार, कधी चिडतील पण. प्रभूची प्रार्थना पण तशीच, सुरात, हळू.

आठ महिने बंद आहे म्हणजे भात्यात धूळ असेल, एखादी पट्टी चिकटली असेल, आधी पुसून घे. आणि त्या रात्री कोणतं गाणं होतं ते लिहायचं राहिलंय तुझं, ते कळव.

– मावशी